जाळी घट्ट भरली होती

आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये गेली बरीच वर्षं एक विनोद चालतो. संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायची आमची रीत आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबादहून चार-पाच गाड्या भरून माणसं निघतात, वाटेत मुरथलला पराठे खातात, स्मारकापाशी थोडा वेळ उभी राहतात, तिळगूळ वाटतात आणि परत येतात. या सहलीची बोलणी निघाली की कोणीतरी माझ्या जावयाकडे बघून म्हणतंच, "यांचं पानिपत मात्र मुरथललाच झालं!" सगळे हसतात. जावईही हसतात. मीही हसत आलो आहे.

त्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचं इंजिन बसलं, ते त्यांनी वेडावाकडा वेग मारल्यामुळे, असं सगळे समजतात. माझी मुलगीही तेच समजत होती. ते खरं नाही. ते इंजिन मी घालवलं. तोंडानं सांगितलं तेव्हा घरच्यांनीही आधी खरं धरलं नाही, म्हणून आता लिहितो आहे. ज्यांनी ज्यांनी तो विनोद केला आहे त्यांनी हे वाचावं एवढीच इच्छा आहे.

मी फरीदाबादच्या एका कारखान्यात हवेचे कॉम्प्रेसर बनवायच्या खात्यात होतो. आमच्या यंत्रात तेल आणि हवा एकत्रच दाबली जाते आणि मग हवेतलं तेल वेगळं काढावं लागतं. ते काम करणाऱ्या भागाला ऑइल सेपरेटर म्हणतात. माझी बहुतेक नोकरी त्या एका भागापायी गेली. बाहेर पडणारी हवा कोरडी पाहिजे, हा आमचा धर्म. तोंडाशी पांढरा कागद धरायचा. त्यावर तेलाचा शिंतोडा दिसला की आतली जाळी आणखी घट्ट भरायची. यंत्रात मागून हवेचा रेटा एवढा असतो की जाळी कितीही घट्ट असली तरी हवा वाट काढतेच. हे वाक्य लक्षात ठेवावं. सगळी चूक त्यातच आहे.

निवृत्त झालो आणि या विद्येचा घरात काही उपयोग उरला नाही. मिक्सर बिघडला तर मुलगी फोनवरून माणूस बोलावते. मी उघडायला बसलो की बायको म्हणते, "अहो, राहू द्या ना, गेल्या वेळी उघडलात तेव्हा दोन स्क्रू उरले होते." उरले होते हे खरं आहे.

जावई पुण्याचे. गुरुग्रामला एका कॉम्प्युटर कंपनीत आहेत. माणूस शांत, कमी बोलणारा. आमच्यात अहो-जाहो होतं आणि अजून आहे. रविवारी आले की पाया पडायचे, सोफ्याच्या कडेला बसायचे, बायको वाढेल ते सगळं संपवायचे. मी विचारायचो, "ट्रॅफिक कसं होतं?" ते ट्रॅफिक सांगायचे. मग मी पेपर उघडायचो आणि ते फोन. लग्नानंतर कित्येक वर्षं आमचं संभाषण बदरपूरच्या पुलाच्या पुढे गेलं नव्हतं. सासऱ्याशी वाद घालायचा नाही, जावयाला तोडून बोलायचं नाही, हे दोघांच्याही अंगात मुरलेलं. त्यामुळे भांडण कधी झालं नाही आणि ओळखही झाली नाही.

त्यांना एकच हौस होती, गाडीची. पेट्रोलची छोटी टर्बो गाडी त्यांनी जुनी विकत घेतली होती आणि कुठल्याशा गॅरेजमधून तिची ताकद वाढवून आणली होती. मुलीला ते आवडलं नव्हतं. एका रविवारी मी गॅलरीतून पाहिलं, तर ते आमच्या गल्लीत बॉनेट उघडून नुसते उभे होते. चप्पल घालून खाली गेलो आणि विचारलं, काय झालं.

त्यांनी हवा ओढणारा एक पाइप काढून माझ्यासमोर धरला. आतून तेलानं माखलेला. मग ते समजावू लागले आणि मला पटकन कळलं, कारण ते माझंच काम होतं. इंजिन चालताना पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली, इंजिनाच्या पोटात निसटतो. तो तिथे साठून चालत नाही. म्हणून त्याला एका नळीनं बाहेर काढून परत इंजिनाच्या श्वासातच सोडतात. पण जाताना तो तेलाची वाफ घेऊन जातो, आणि ती झडपांवर जाऊन जळते, काजळी धरते. ताकद वाढवलेल्या इंजिनात हे जास्त होतं. त्यावर उपाय म्हणजे त्या नळीच्या वाटेत एक डबा बसवायचा. डब्यात जाळी. तेल जाळीला अडकून खाली साठतं, हवा पुढे जाते.

"हा तर सेपरेटर," मी म्हटलं.

"हो बाबा. ऑनलाइन मिळतो. मागवणार आहे."

"विकत कशाला? आपण करू."

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. मीही 'आपण' असं त्यांना पहिल्यांदाच म्हटलं होतं.

पुढचे काही रविवार आम्ही मागच्या व्हरांड्यात बसत होतो. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मी ते दिवस धरतो, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहायला हात जड होतो. कारखान्यांच्या मागच्या गल्लीतून मी अॅल्युमिनियमच्या जाड पाइपचा एक तुकडा आणला. वरच्या झाकणाला दोन तोंडं, एक हवा आत यायला, एक बाहेर जायला. खाली तेल काढायला छोटा कॉक. वेल्डिंग बाहेरून करून घेतलं. कापाकापी आणि घासणं आमचं. जावयांनी करवत हातात धरली ती ब्रेड कापायच्या सुरीसारखी. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आला.

मुलगी दारातून बघून म्हणाली, "अच्छा! घरी पडद्याचा रॉड लावायला सांगितला तर साहेबांची मीटिंग असते."

"तिथे गुरू नसतो," जावई म्हणाले.

"गुरूंना विचार, मिक्सरचे दोन स्क्रू कुठले ते," बायको आतून म्हणाली.

आम्ही चौघंही हसलो. त्या व्हरांड्यात त्यांनी मला सांगितलं की त्यांना यंत्रांचंच शिकायचं होतं, वडलांनी कॉम्प्युटरला घातलं. मी त्यांना आमच्या खात्यातल्या गोष्टी सांगितल्या, ज्या घरात कोणी दुसऱ्यांदा ऐकत नाही. ते ऐकायचे आणि मधूनच अगदी नेमका प्रश्न विचारायचे.

जाळीसाठी मी भांडी घासायच्या स्टीलच्या घासण्या घेतल्या. उकलून, ताणून, डब्यात भरायला लागलो. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्यानं ठोकून ठोकून भरत होतो. जावई बघत होते.

"बाबा, एवढी घट्ट?"

"घट्टच पाहिजे."

"नाही, मी वाचलं होतं की जरा मोकळी ठेवतात. म्हणजे वायूला अडथळा..."

"कुठे वाचलंत?"

"असंच, नेटवर."

"मी हेच करत म्हातारा झालो," मी म्हटलं. "हवा कोरडी निघाली पाहिजे."

आवाज चढवला नव्हता. चढवायची गरजच नव्हती. ते लगेच "बरोबर, बरोबर" म्हणाले आणि पुढची घासणी उकलून माझ्या हातात दिली. दुसरा कोणी असता, मित्र असता, स्वतःचा मुलगा असता, तर म्हणाला असता, थांबा हो जरा, तुमच्या कॉम्प्रेसरमागे रेटा असतो, इथे काय आहे? इंजिनाच्या पोटातल्या त्या वायूमागे जवळजवळ काहीच जोर नसतो. तोंडानं फुंकर मारावी एवढाच. मला हे कळायला हवं होतं. इंजिनाची आकृती डोळ्यांसमोर होती. पण मी ती गाडी बघतच नव्हतो. मी माझं जुनं खातं बघत होतो.

डबा बसवला आणि चांगला चालला. उन्हाळ्याचे दिवस होते. थोड्या दिवसांनी कॉक उघडला तेव्हा वाटीभर काळं तेल निघालं. आम्ही दोघं त्या वाटीकडे असे बघत होतो की बायको म्हणाली, "आता याला हळदकुंकू वाहा." मी बाहेरच्या नळीशी पांढरा कागद धरला. एक डागही नाही. जावयांनी फोटो काढून त्यांच्या गाडीवाल्या मित्रांना पाठवला, खाली लिहिलं, 'सासरेबुवांची निर्मिती'. तो फोटो मी कितीतरी दिवस ज्याला त्याला दाखवला.

मग थंडी आली. इथल्या थंडीत गुरुग्राममधलं त्यांचं जाणं-येणं म्हणजे घर ते ऑफिस, तेही रखडत. इंजिन नीट तापायच्या आत बंद. अशा वेळी इंजिनातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते तेलात मिसळून पांढरट, चिकट मलम तयार होतं. हे मी आता लिहितो आहे. तेव्हा विचारही केला नाही. आमच्या यंत्रांना थंड राहायला वेळच मिळत नसे.

डिसेंबरात जावयांचा फोन आला. मुलीच्या फोनवरून नाही, स्वतःहून.

"बाबा, कॉक उघडला तर खालून काहीच निघत नाहीये."

"म्हणजे चांगलंच आहे. थंडीत तेल कमी उडतं."

"आणि तेल बघायच्या पट्टीपाशी जरा ओलं दिसतंय. मी एकदा उघडून बघू का डबा?"

"उघडलात तर सील पुन्हा नीट बसायचं नाही. असू द्या. संक्रांतीला भेटतोच आहोत, मी बघतो."

संक्रांतीला भेटलो तेव्हा पहाटेचं धुकं होतं, सगळ्यांना घाई होती, आणि मी बघितलं नाही.

गाडीत पुढे जावई आणि मुलगी, मागे मी, बायको आणि मधे नात. नात तेव्हा शाळेत होती. धुक्यात जावई फार सांभाळून चालवत होते, हे मी इथे साक्ष म्हणून लिहितो. पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून, हळू. मुरथलला पराठे खाल्ले, ऊन आलं, रस्ता मोकळा झाला. त्यांनी एक ट्रक ओलांडला. ताकद वाढवलेली गाडी, ती झपकन पुढे गेली, तेव्हा मुलगी म्हणाली, "हळू रे!" ते म्हणाले, "बस, एवढाच." थोड्या वेळानं गाडीत तेलाचा वास आला. मग समोर तेलाचा लाल दिवा लागला. त्यांनी तत्क्षणी गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली, पण तेवढ्यात खालून खडखडाट झाला, आणि इंजिन जे थांबलं ते थांबलंच.

बॉनेट उघडलं. सगळीकडे तेल. पट्टी तिच्या नळीतून वर उडून आलेली. खाली रस्त्यावर मागे लांबपर्यंत काळी रेघ.

मला त्या क्षणी पूर्ण कळलं असं म्हणणार नाही. पण पट्टी वर आलेली पाहून माझी नजर थेट डब्याकडे गेली. आतल्या दाबानं पट्टी उडते. आणि दाब कधी साठतो? श्वासाची वाट बंद झाली की.

तेवढ्यात आमच्या सोबतच्या दोन गाड्या मागून येऊन थांबल्या. माणसं उतरली. मुलगी रडकुंडीला आली होती. सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "मी ओरडत होते ना, हळू चालव म्हणून? मुलगी आहे गाडीत, आईबाबा आहेत. तुला तुझी मजा!" जावई तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. त्यांना दोष टाळायचा नव्हता. मला यंत्र कळतं, मी काही सांगेन, असं त्यांना वाटत असावं. नुसतं काय झालं असेल ते.

मी म्हटलं, "इंजिनालाही मर्यादा असते. एवढं पिळल्यावर ते तरी काय करणार?"

हे माझे शब्द. सगळ्यांसमोर बोललेले. त्यानंतर आमच्यातल्या एका गृहस्थांनी वातावरण हलकं करायला तो पानिपतचा विनोद केला, तो तिथला, पहिल्यांदाचा. त्यांचा दोष नाही. मी आधी निकाल दिला होता.

गाडी उचलून न्यायला ट्रक यायचा होता. बाकीचे चहा घ्यायला गेले तेव्हा मी दोन क्लॅम्प सैल केले, डबा काढला, दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या आणि डबा तिळगुळाच्या पिशवीत ठेवला. जावयांनी विचारलं तर सांगितलं, "गॅरेजवाले हरवतील. घरी ठेवतो." ते म्हणाले, "हो, ते बरं." त्या वर्षीच्या तिळगुळाला डिझेलसारखा वास येतो म्हणून बायकोनं तो सगळा टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. जाळी दिसतच नव्हती. लोण्यासारखं पांढरं मलम ठासून भरलं होतं. तोंड लावून फुंकलं. श्वास तसाच परत आला. मग मी तो भंगारवाल्याला दिला.

गॅरेजवाल्यांनी सांगितलं, तेल सगळं बाहेर पडलं, म्हणून इंजिन गेलं. तेल का पडलं, तर इंजिनातलं तेल अडवणारं सील गेलं. सील का गेलं, तर साहेब, ताकद वाढवलेल्या गाडीत असं होतं. तो डबा त्यांनी पाहिलाच नव्हता. जावयांनी गाडी आहे त्या स्थितीत विकली.

मी तेव्हा का बोललो नाही? दोष येईल ही भीती होतीच. पण त्याहून मला असं वाटलं की हे सांगितलं तर रविवारचं ते बसणं संपेल. ते तसंही संपलं. जावई यायचे, पाया पडायचे, सोफ्याच्या कडेला बसायचे. मी ट्रॅफिक विचारायचो. घरात साधी ऑटोमॅटिक गाडी आली, ती मुलगी चालवायला लागली. लांब कुठे जायचं तर ड्रायव्हर बोलवायचे. जावई स्वतःहून चावी घेत नसत. लोक म्हणायचे, चांगलं झालं, सुधारले. विनोद दर जानेवारीत व्हायचा. मी प्रत्येक वेळी ठरवायचो, आता सांगू, आणि प्रत्येक वेळी दुसरा विषय निघायचा. मीच काढायचो.

या वर्षी नात अठराची झाली. तिनं शिकाऊ लायसन्स काढलं. रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. जावई भात कालवता कालवता म्हणाले, "सकाळी सकाळी रस्ते रिकामे असतात. मी शिकवीन तिला." कितीतरी वर्षांनी त्यांनी गाडीचं काही स्वतःहून काढलं होतं.

मुलगी म्हणाली, "तू? नको रे. इंजिन कसं जाळायचं ते नंतर शिकव. ड्रायव्हिंग स्कूलला घालू, नाहीतर आजोबा बसतील शेजारी."

मला मोतीबिंदू आहे. सगळ्यांना माहीत आहे. तरी त्यांच्यापेक्षा मी बरा.

जावई हसले. नेहमीसारखेच, ताटाकडे बघत. मला ते हसणं सहन झालं नाही. मी म्हटलं, "ते इंजिन यांनी नाही घालवलं. मी घालवलं. माझ्या डब्यानं."

मग मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज. जेवा."

"मी खरं सांगतो आहे."

"तुम्हाला त्याची बाजू घ्यायचीय, समजलं मला. पण इतकं कशाला अंगावर घ्यायचं?"

"आजोबा, यू आर सो स्वीट, यार," नात म्हणाली.

"यांना काल चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नव्हतं," बायको म्हणाली. "आणि इंजिनाचं आठवतंय."

एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी बाहेर काढली, आणि ताटावर बसलेल्या माणसांनी तिचं माझ्या मोठ्या मनात रूपांतर करून टाकलं. मी उठलो. स्वयंपाकघरातून स्टीलच्या घासण्या घेतल्या, फ्रीजमधून लोण्याचं भांडं. बागेच्या पाइपचा वीतभर तुकडा व्हरांड्यात पडलेला होता, तो धुतला. टेबलापाशी आलो.

"अहो, नव्या आहेत त्या!" बायको म्हणाली.

एक घासणी उकलून पाइपात सैल घातली आणि मुलीसमोर धरली. "फुंकर मार."

"बाबा, काय चाललंय?"

"मार."

तिनं मारली. हवा गेली. मग मी दुसरी घासणी घातली, चमच्याच्या दांड्यानं ठोकली, तिसरी घातली, ठोकली. "आता मार." तिनं जोर लावला; थोडीशी गेली. मग बोटानं लोणी घेतलं आणि एका बाजूनं दाबून भरलं. "असं मलम होतं आत. थंडीत होतं. आता मार."

तिनं फुंकलं. गाल फुगले, चेहरा लाल झाला. पाइप तोंडातून काढला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"यातून इंजिनानं श्वास घ्यायचा होता," मी म्हटलं. "जाळी घट्ट भरली होती. मी भरली होती. हे म्हणाले होते मोकळी ठेवा. खालून काही निघत नाही असा यांचा फोन आला होता. डबा उघडू का, असंही विचारलं होतं. मी नको म्हटलं. आणि रस्त्यावर मीच डबा काढून घेतला."

मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं. "तू हे म्हणाला होतास?"

जावयांचा हात तसाच उष्टा होता. ते मुलीशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले.

"तुम्ही डबा उघडून बघितला होता?"

"दुसऱ्याच दिवशी."

"दुसऱ्याच दिवशी," ते म्हणाले. "बाबा, तो ट्रक मी मनातल्या मनात किती वेळा ओलांडलाय, तुम्हाला कल्पना नाही. गिअर चुकला का, जास्त दाबलं का. ही पोर मागे बसली होती. लहान होती. मला वाटत होतं, मी या सगळ्यांना जवळजवळ मारलं असतं. म्हणून सोडली मी गाडी. चावी हातात घेतली की परत ठेवून द्यायचो. गाडी गेली त्याचं काही नाही. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही माझ्यासमोर बसून हसत होतात."

त्यांनी माझ्याशी आवाज चढवला तो त्या एकाच दिवशी. बायको "अरे, अरे" म्हणाली. मी तिला थांबवलं. ते उठले, हात धुतले आणि खाली गेले. मी काही वेळानं जिना उतरून गेलो. ते गाडीला टेकून उभे होते.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"ऊन आहे, बाबा. वर जा," ते म्हणाले. एवढंच. पुन्हा तेच अहो-जाहो, तीच अदब, आणि तिच्यामागे आता काय आहे ते मला दिसत होतं.

पुढचे काही रविवार ते आले नाहीत. मुलगी एकटी आली, बोलली, पण जपून. मलाही फार काही अपेक्षा नव्हती. थकवा होता. सांगितल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला आजारातून उठल्यासारखं वाटत होतं.

काल सकाळी मुलीचा फोन आला. मागून नातीचा आवाज, इंडिकेटरची टिकटिक आणि कर्कश हॉर्न.

"बाबा, मी मागच्या सीटवर आहे. हा शिकवतोय तिला. अर्धा तास झाला, अजून आम्ही सोसायटीच्या गेटजवळच्या वळणावर आहोत."

"का? काय झालं?"

"काही नाही झालं! आरसा बघ, परत बघ, थांब, आता सोड, थांब. मागे तीन गाड्या खोळंबल्यात. सांगा ना त्याला काहीतरी. इतकं हळू कोणी चालवतं का?"

मी म्हटलं, "मी काही सांगणार नाही."

मागून जावयांचा आवाज आला, नातीला, अगदी सावकाश: "वाजवू दे त्यांना हॉर्न. तू पुढे बघ."